तक्रार विभागाची मशागत

२ फेब्रुवारी, रविवार

आज आयुष्याला कलाटणी मिळाली. बागकामाच्या शिबिरात. खरं तर बायकोनेच पाठवलं, रविवारी घरभर पायात पायात येतोस म्हणून. पण थोर गोष्टींची सुरुवात अशीच होते.

शिबिराचे सर म्हणाले की माळी झाड वाढवत नाही, तो फक्त परिस्थिती तयार करतो, झाड आपलं आपण वाढतं. अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी विभाग चालवत होतो. चुकत होतं ते तिथेच!

विभाग म्हणजे वॉशिंग मशीनच्या कंपनीचा तक्रार विभाग. मशीन बिघडतं, लोक फोन करून बोलतात, आम्ही बोलून घेतो. माणसं तीन, खिडकी एक, आणि माझी केबिन. विभागीय प्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, कारभार तात्पुरता म्हणून मीच बघतो. एप्रिलच्या शेवटी मोठे साहेब स्वतः येऊन बघणार आणि मग माणूस ठरवणार. माझ्याशिवाय आहे कोण?

संकल्प: एप्रिलपर्यंत विभाग फुलवायचा. शिबिरात टोमॅटोच्या बियांचं पाकीट फुकट मिळालंय, ते घरच्या बाल्कनीत पेरायचं. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ फेब्रुवारी

साडेआठला उठलो. रुजण्याआधी बीसुद्धा पडूनच असतं.

ऑफिसात नव्या कल्चरची घोषणा केली. आजपासून मला साहेब म्हणायचं नाही, माळी म्हणायचं. होयबा लगेच म्हणाला, होय माळीसाहेब. (हे नाव त्याला इतरांनी ठेवलंय. जळतात.) मौनी काही बोलला नाही. तो बोलतच नाही, म्हणून तर मौनी. बाईंनी मान वर न करता विचारलं की प्रिंटर कधीचा बंद पडलाय, त्यावर माळ्याकडे काही औषध आहे का.

बाई विभागात माझ्याही आधीपासून आहेत. नव्याचं वावडं आहे त्यांना.

७ फेब्रुवारी

खत म्हणजे कौतुक. सर म्हणाले होते, थोडं थोडं पण रोज. त्यामुळे सकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन एकेक मूठ कौतुक टाकतो.

होयबाला सांगितलं की त्याची ऊर्जा पाहून मला उमेद येते. तो म्हणाला, माळीसाहेब, ऊन तर तुम्हीच आहात. हुशार पोरगा. बाईंना सांगितलं की त्या विभागाचं खोड आहेत. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका म्हणून सांगितलं आणि प्रिंटरचं पुन्हा विचारलं. मौनीला सांगितलं की त्याची शांतता मला आवडते. तो पांढराफटक पडला. दुपारी होयबाकडून कळलं की मौनीने दुसरीकडे नोकरी शोधायला घेतलीय. साहेब एकदम गोड बोलायला लागले म्हणजे आपल्याला काढणार, अशी त्याची खात्रीच पटलीय.

खत एखाद्या रोपाला जास्त होतं. त्याचं आठवडाभर बंद.

१६ फेब्रुवारी

बाल्कनीत बी उगवलं! कुंडीत बरीच किरकोळ रोपं आणि मधोमध एक दणकट, सगळ्यांच्या वर डोकं काढलेलं. सर म्हणाले होते, विरळणी करताना मन घट्ट करा, जोमदार तेवढं ठेवा. मन घट्ट केलं. जोमदार ठेवलं, बाकी उपटलं.

बायकोने येऊन पाहिलं आणि म्हणाली की ठेवलंस ते तण आहे, उपटलेस ते टोमॅटो. मी शांतपणे समजावलं की क्षमता ओळखायला नजर लागते. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मग बायकोने ती उपटलेली रोपं उचलून गळक्या बादलीत नेऊन लावली. हळवी आहे. लीडर होऊ शकणार नाही.

१८ फेब्रुवारी

आज दिवसभर केबिनच्या काचेतून विभागाचं निरीक्षण. (सरांची सूचना: पाणी घालण्याआधी नुसतं बघत बसा.) बसल्या बसल्या जे दिसलं त्याने हादरलो.

आमच्याकडे फोन संपला की गिऱ्हाइकाने एक ते पाचपैकी बटण दाबून मार्क द्यायचे असतात. मुख्य फोन खिडकीजवळच्या टेबलावर, आणि तिथे बाई. बाई फोनवर काय बोलतात? तर नाही. नाही, मशीन बदलून मिळणार नाही. नाही, मेकॅनिक आज येणार नाही. खाली उजवीकडे झाकण आहे, त्याच्याखाली परात ठेवा, झाकण फिरवा, आत मोजा अडकलाय तो काढा. मोजा कंपनीचा नाही, तुमचा आहे. मोजा निघतो, मशीन चालतं, आणि गिऱ्हाईक रागाने दोन दाबतं! अपमान झालेला असतो ना त्याचा.

म्हणजे जुनं झाड खिडकी अडवून उभं आहे आणि सगळं ऊन एकटंच खातंय. त्याच्या सावलीत कोवळी रोपं खुरटताहेत. निर्णय घ्यावा लागेल.

१९ फेब्रुवारी

घेतला. बाईंचं टेबल बाहेर पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी. खिडकीत आणि मुख्य फोनवर होयबा. बाईंना सांगितलं की ही शिक्षा नाही, पुनर्रोपण आहे. त्यांनी विचारलं की तिथे फोन नाही, दिवा नाही, मग मी करू काय? मी म्हणालो की विश्रांती घ्या, मुळं खोल जाऊ द्या. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. नजरेत आदर असावा. मग आपली पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि पुठ्ठ्याचा एक खोका उचलून गेल्या.

सायंकाळी जरा चुकल्यासारखं वाटलं. चहा घेतल्यावर गेलं.

२७ फेब्रुवारी

चमत्कार! आठवडाभर नुसते पाच, पाच, पाच. होयबाच्या प्रत्येक फोनला पाच. मुख्य कार्यालयातून अभिनंदनाचा निरोप आला.

काचेतून पाहिलं. पोरगा फोनवर हसत असतो. गिऱ्हाईक काहीही म्हणो, हा म्हणतो, होय. मशीन गळतंय? होय, नवीन पाठवतो. आवाज येतो? होय, उद्याच नवीन. कुठे वाद नाही, मोजा नाही, परात नाही. फोन दोन मिनिटांत संपतो. सकारात्मकता म्हणतात ती हीच.

मौनीने हळूच केबिनमध्ये येऊन तोंड उघडलं. प्रथमच! म्हणाला की इतकी नवीन मशीन पाठवणार कोण, गोदामात आहेत का, बाईंना एकदा विचारू या. मी त्याला शेंडा खुडण्याचं तत्त्व समजावलं: रोप नको तिथे डोकं काढायला लागलं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते बाजूंनी छान फुटतं. मग त्याची पुढच्या महिन्यातली रजा रद्द केली. आता फुटेल.

११ मार्च

पहाटे उठण्याचा संकल्प एप्रिलपर्यंत स्थगित.

जोमदार रोप कमरेइतकं झालं. पानांना बारीक काटे आहेत, हात लावला की खाज सुटते. पाणी घालायला लेक हातमोजे घालून जाते. बायकोने पुन्हा तेच ऐकवलं. मी म्हणालो, फळ दिसेल तेव्हा बोल. ती म्हणाली, पी हळद नि हो गोरी असं नसतं, पण निदान हळद तरी आहे का ते बघावं. माझ्या यशाने घरात जरा कटुता आलीय.

२६ मार्च

होयबाला ‘बहर’ पुरस्कार दिला. मीच सुरू केला, मीच कुंडी आणली. भाषण चांगलं झालं. मौनीने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे हात फोनवर होते. दुसऱ्या फोनवर हल्ली चढ्या आवाजातली माणसं फार येतात. उद्याचं मशीन अजून आलं नाही म्हणतात. मी त्याला सांगितलं की कीड कुठल्याही बागेत असते, दुर्लक्ष कर. तो उठून पॅसेजमध्ये बाईंकडे गेला. सावलीत सावलीच सापडते.

२० एप्रिल

साहेब परवा येणार. तयारी जोरात. दारात कुंड्या मांडल्या, ‘इथे माणसं उमलतात’ असा फलक लावला. भाषण पाठ. नव्या केबिनच्या पडद्यांसाठी बायकोला रंग विचारला. तिने विचारलं, कुठल्या नव्या केबिनच्या?

मनात थोडी धाकधूक. नाही म्हणायला नको. ही जागा मिळाली नाही तर पुन्हा मिळायची नाही, माझं वय झालं. पण माळ्याने घाबरायचं नसतं.

२२ एप्रिल

घात झाला.

साहेबांना कुंड्या दाखवत होतो. परिसंस्था या मुद्द्यावर आलो होतो. इतक्यात बाहेर टेम्पो थांबला. एक आजी उतरल्या, मागून त्यांच्या भाच्याने मशीन उतरवलं, पाण्याने भरलेलं. म्हणाल्या की उद्या नवीन देतो म्हणालात, उद्या उद्या करत महिना गेला, आता जुनं घ्या आणि नवीन इथेच द्या. त्यांचा आवाज खाली होतो न होतो तोच दुसरा टेम्पो. मग एक हातगाडी. आजींनी म्हणे वाटेत दोघांना सांगितलं, त्यांनी चौघांना. फलकाखाली गळक्या मशीनची रांग. फरशीवर साबणाचं पाणी, त्यात माझ्या कुंड्यांची माती, आणि त्या चिखलात साहेबांचे बूट.

होयबा सगळ्यांना होय म्हणत होता. अगदी शेवटपर्यंत. त्याच्या चिकाटीला मानलं पाहिजे.

आणि पॅसेजमधून बाई आल्या. बाह्या सरसावल्या, परात मागितली. ती कुणी धरली? साहेबांनी! बाई एकेक झाकण फिरवत गेल्या. मोजा. नाणी. केसाची पिन. बाहुलीचा हात. मौनी प्लग लावून मशीन चालू करून दाखवत होता, आणि बोलतही होता, भरभरून, गिऱ्हाइकांशी. बहुतेक सगळी मशीन टेम्पोत परत गेली. आजी जाताना बाईंना म्हणाल्या, हे फोनवर सांगितलं असतंत तर? बाईंनी ओले हात पुसले. मग माझ्याकडे पाहिलं.

मग साहेबांनी विचारलं की या बाई पॅसेजमध्ये काय करतात. मी सांगितलं, मुळं खोल करताहेत. साहेब आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघत राहिले. भारावले असावेत.

३० एप्रिल

अजून निकाल नाही. मोठे निर्णय सावकाश होतात. पडदे हिरवेच.

६ मे

विभागीय प्रमुख: बाई.

पुढे काय लिहू? जेवलो नाही. बायको काही बोलली नाही, नुसती ताटाशी बसून राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ताटात टोमॅटो होता. बाजारातला का, म्हणून विचारलं. लेक म्हणाली, गळक्या बादलीतला.

९ मे

न्याय बघा. होयबाला साहेबांनी मुख्य कार्यालयात नेलं, स्वतःच्या हाताखाली. साहेबांना म्हणे असा माणूस कधीपासून हवा होता.

बाईंनी केबिन घेतली नाही. त्या परत खिडकीत, जुन्या टेबलावर. माझ्या केबिनमध्ये सुटे भाग ठेवणार. प्रिंटर दुपारपर्यंत चालू झाला. मौनीची रजा मंजूर. तो जाताना मला म्हणाला, येतो माळीसाहेब. कसल्या सुरात म्हणाला ते कळलं नाही.

माझ्यावर बाईंनी नवं काम सोपवलंय. ज्यांना ज्यांना नवीन मशीन कबूल केलंय, त्या प्रत्येकाशी बोलून नाही म्हणायचं. स्वतः. आडवळण न घेता. मी विचारलं, बसू कुठे? बाई म्हणाल्या, पॅसेजमध्ये टेबल रिकामं आहे, फोन जोडून दिलाय, दिवाही लावून घेतलाय. दिव्याचं बोलताना त्या जरा थांबल्या.

१२ मे

जोमदार रोप उपटलं. दोन्ही हात सुजले.

पॅसेजमधला पहिला दिवस. ऊन नाही, वारा नाही. बाथरूमचं दार उघडलं की थेट खुर्चीला लागायला हवं, पण लागत नाही. वाकून बघितलं. दाराखाली पुठ्ठ्याची जाड घडी अडकवलीय. बाईंच्याच खोक्याचा पुठ्ठा. अडीच महिने त्या इथे होत्या आणि मी इथून रोज जात होतो. दार कुणाला लागतं का, हे मी एकदाही पाहिलं नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं. चहा घेऊनही गेलं नाही.

असो. सावलीत वाढणाऱ्या झाडांची माहिती काढली पाहिजे. त्यांचीही एक लीडरशिप असेल.

दुपारी पहिला फोन आला. वाक्य पाठ केलं होतं: माफ करा, नवीन मशीन मिळणार नाही, चूक आमची. पलीकडे एक आजोबा, फार सभ्य. म्हणाले की तुमच्या शब्दावर जुनं मशीन देऊन टाकलं, तेव्हापासून दोघं म्हातारा-म्हातारी हाताने धुतोय. तक्रार नाही, फक्त केव्हा येईल तेवढं कळलं तर बरं, हिची बोटं दुखतात.

वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. उघड्या दारातून, खिडकीजवळच्या टेबलावरून बाई बघत होत्या.

होय आजोबा, मी म्हणालो. उद्याच.

त्यांनी पाच दाबले.