बोटांना न सापडलेला राजा

प्रिय अण्णा,

काल तुम्हाला जाऊन महिना झाला. जेवण घातलं. आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "डोळं गेलं ते सोसलं त्यांनी, पर शेवटी बोटंबी गेली." मी वाढत होते. ऐकलं आणि पुढच्या पानाकडे गेले. म्हणून आज लिहितेय.

ते चांदीचं रोमन नाणं सांगलीतल्या एका सराफानं वितळवायला काढलेलं. तुम्ही ते सोडवून आणलंत आणि कडेगावच्या शाळेत इतिहास शिकवताना कायम खिशात बाळगलंत. एका बाजूला दाढीवाला बादशहा, दुसऱ्या बाजूला गरुड. "राजा मेला की ह्यो गरुड त्याला देवात नेतो. आन खाली त्याचं पोरगं हेच नाणं पाडून सांगतं, बघा, मी देवाचा ल्योक." मी म्हणायचे, आपल्याकडं गरुड कुठला, तुम्हाला न्यायला घारच येणार.

"येऊ दे. लय उंच जाऊ नको म्हनावं, मला चक्कर येती."

शुगरनं नजर गेली तेव्हा ते नाणं तुम्ही अंगठ्यानं वाचायला लागलात. आधी नाक, मग दाढीचे कुरळे केस, मग कडेची अक्षरं. त्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे मी कधी नीट पाहिलं का?

तुम्ही दवाखान्यातून घरी येणार म्हणून मी ते लख्ख करायला घेतलं. देवाची भांडी घासतो तसं. चिंच, रांगोळी, वर तारेची घासणी. आधीच झिजलेला राजा माझ्या हाताखाली सपाट झाला. मागच्या गरुडाचा एक पंख तेवढा राहिला.

तुम्ही अंगठा फिरवलात. पुन्हा फिरवलात. "राजा कुठं गेला गं?"

"आहे की, अण्णा. तुमची बोटं बधिर झालीत. डॉक्टर म्हणालेच होते, शुगरनं होतं असं."

"व्हय?" एवढंच म्हणून तुम्ही नाणं मला परत दिलंत. त्यानंतर कशालाच हात लावला नाहीत. दादाची तान्ही मुलगी मांडीवर ठेवली, तर म्हणालात, घ्या तिला, मला काय कळतंय आता. शेवटचे अकरा दिवस! चांगली बोटं मुठीत मिटून पडून राहिलात. स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर इतका विश्वास का ठेवलात, अण्णा?

उद्या सकाळी मी ते नाणं आईच्या हातात ठेवणार आहे आणि सगळं सांगणार आहे. ती माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. पण तुमची बोटं गेली होती, असं ती यापुढे कुणाला सांगणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
बेबी