विभूतीवर चिकटवलेलं यंत्र

बसवकल्याण,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. शिवशरण दाजींना शरणबसवचा शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुरीला शेंगा बऱ्या धरल्यात, ज्वारी अजून गुडघ्याच्या वर गेलेली नाही. मल्लेश्वरीने अक्कासाठी कारळाची चटणी कुटून ठेवलीय, कोणी भालकीकडे येणारं मिळालं की पाठवतो. थंडी पडलीय. अप्पांना कानटोपी घालायला लावा, घालतो म्हणतात आणि उशाखाली ठेवतात.

खिशात मोबाइल असताना हा गडी पत्र कशाला लिहायला बसला, असं तुमच्या मनात येईल. त्याचं असं आहे की मी फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि शेजारी अप्पा बसलेले असतात. मग मी "सगळं बरंय" म्हणतो, तुम्ही "इकडंबी बरंय" म्हणता आणि फोन ठेवतो. त्यात बोलणं काही होत नाही. तेव्हा हे पत्र अप्पांना वाचून दाखवू नका. अक्काने वाचलं तर वाचू द्या, ती तसंही वाचल्याशिवाय राहायची नाही.

मुद्दा येळवसचा आहे, त्या अमावस्येला अप्पा कोणाच्या शेतात जेवणार याचा. पण त्याच्या आधी थोडं लिहायचंय.

पंचमी झाल्यावर अप्पा अक्काला सोडायला म्हणून तुमच्याकडे गेले, ते आठ दिवसांत परत येणार होते. पिशवीत दोनच धोतरं होती. त्यानंतर श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. तुम्हाला हे वाचून हसू येईल, पण मला रोज भीमण्णाच्या हॉटेलावरून दुकानात जावं लागतं आणि तो रोज गल्ल्यावरून ओरडतो, "शरणू, अप्पा कुठं हायत? जावयाकडंच? अजून?" लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणणारी माणसं आपल्यात अजून आहेत. आणि आमचे अप्पा तिथे दोन वेळा जेवून वर तुमच्या होडीत बसून ताक पितायत!

त्या होडीचं कौतुक तर इथवर पोचलंय. तुमच्याकडच्या धरणावर फिरायला गेलेली आमच्या गल्लीतली चार माणसं परत येऊन मलाच विचारतात, ते यंत्र काय आहे म्हणून. मग मीच चहा पिता पिता त्यांना समजावतो. होडी पाण्यात उभी राहिली की बुडाला शेवाळ धरतं, होडी जड होते, डिझेल खाते, मग ती काठावर ओढून खरवडत बसायचं. अप्पांनी काय केलं, तर सोनाराच्या दागिने धुवायच्या मशीनमधला थरथरणारा गोळा काढला, तो होडीच्या बुडाला आतून चिकटवला, सर्किट केलं, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला आणि नुसत्या कानाला ऐकू न येणारा आवाज बुडातून सोडला. बूड सारखं बारीक थरथरतं, त्यामुळे शेवाळाला बसायला जागा मिळत नाही. एवढं सगळं ऐकून भीमण्णा म्हणाला, "म्हंजी सासऱ्यानं जावयाच्या होडीला खाज सोडली म्हण की!" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या होडीच्या छपरावरचं सोलर पॅनल माझ्या दुकानातलं, आणि बॅटरीही माझ्याच दुकानातली, हे काही कोणाच्या तोंडून आलं नाही. मीही सांगितलं नाही.

दाजी, मला तुमचा हेवा वाटतो. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले, पण आता लिहिलं. पोटात दुखतं माझ्या. तीस वर्षं अप्पा याच दुकानात रेडिओ उघडून बसायचे आणि मी शेजारी बसायचो. एकदाही मला म्हणाले नाहीत की चल, आपण दोघं मिळून काहीतरी नवीन करू. मी दुकानात इन्व्हर्टर आणले, सोलर आणलं, तर म्हणाले, "ठीक हाय." आणि तुमच्याकडे गेल्यावर म्हाताऱ्याला एकदम अक्कल सुचली, हुरूप आला, भूक लागली! अक्का फोनवर सांगते, अप्पा आता दोन भाकरी खातात. आमच्याकडे दीड खायचे. तुम्ही त्यांच्या चहात साखर घालत नाही आणि त्यांना ते कळूही देत नाही, हेही तिनेच सांगितलं. एखादी तरी चूक करत चला हो, मला तेवढाच आधार होईल.

मग मी काय केलं, ते अक्काने तुम्हाला सांगितलंच असेल. होडी घेतली. फायबरची, जुनी, हुमनाबादकडच्या एका माणसाकडून. चुळकी नाल्याच्या धरणात उतरवली. मल्लेश्वरीला म्हणालो धंदा आहे, रविवारी लोक फिरायला येतात. ती म्हणाली, "तुमाला पवायलाबी येत न्हाई, धंदा कशाचा करायलाव?" तिला खरं काय सांगणार! मला होडी नकोच होती. होडीला शेवाळ धरेल, मग अप्पांना यावं लागेल, एवढाच माझा हिशेब होता.

पण शेवाळ धरेपर्यंत धीर कुठला. वाटलं, आपणच यंत्र करावं. अप्पांनी येऊन ते बघावं आणि तोंडात बोट घालावं. सोनाराकडून गोळा मिळवला, व्हिडिओ बघून सर्किट केलं. पॅनल, बॅटरी, जाड वायर, फ्यूज, रात्री बॅटरी उतरली की यंत्र आपोआप बंद पडेल अशी सोय, हे तर माझं रोजचं काम आहे. त्यात कुठे कसूर केली नाही.

गोळा चिकटवायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मल्लेश्वरीने होडीची पूजा केली. बुडाला आतून, मागच्या बाजूला, विभूतीचे तीन पट्टे ओढले, समोर दिवा ठेवला, नारळ फोडला. होडी हलली, दिव्यातलं तेल त्या पट्ट्यांवर सांडलं. दुसऱ्या दिवशी मी बघतो तर गोळा बसवायला नेमकी तीच जागा योग्य. आता विभूती पुसायची कशी? आपल्या घरात कपाळावरची विभूतीसुद्धा कोणी हाताने पुसत नाही. म्हटलं, देवाचा आशीर्वाद खाली असला तर बरंच आहे. तिच्यावरच दोन ट्यूबांचा गोंद लावला आणि गोळा दाबून बसवला.

महिन्याभरात बुडाला असं शेवाळ धरलं की बकरी चरली असती.

मागच्या सोमवारी तुम्ही अप्पांना बसमध्ये बसवून दिलंत. मी बसस्टँडवर अर्धा तास आधी जाऊन उभा होतो. मल्लेश्वरीने गव्हाची गोड हुग्गी केली होती. जेवण होईपर्यंतसुद्धा अप्पा थांबेनात, "आदी होडी दाव." धरणावर गेल्यावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बुडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी यंत्रावरच्या दिव्याकडे बघत उभा.

"मुकी हाय," ते म्हणाले.

"चालू हाय की, अप्पा. दिवा लागलाय बगा."

"यंत्र चालू हाय रे. होडी मुकी हाय. आवाज बुडात उतरंना झालाय."

त्यांनी गोळा धरून नुसता पिळला, तर तो पापडासारखा सुटून हातात आला. खाली तीन पट्टे जसेच्या तसे, तेलासकट.

"कामून पुसला न्हाईस?"

"देवाचं कसं पुसू, अप्पा?"

मला वाटलं, आता बसतात शिव्या. खरं सांगतो, मला त्या शिव्या हव्या होत्या. शिव्या देताना अप्पा निदान पूर्ण माझ्याकडे बघतात. पण ते रागावलेच नाहीत. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, बुडावरची ती विभूती गोळा केली, स्वतःच्या कपाळाला लावली. उरलेली माझ्या कपाळाला लावली. म्हणाले, "आता वाया गेली न्हाई. जा, पॉलिश पेपर आन."

मग आम्ही दोघं दुपारभर त्या होडीत पालथे होतो, दाजी. मी जागा घासली, थिनरने पुसली. अप्पांचे हात थरथरतात म्हणून गोंद मी लावला, त्यांनी माझं मनगट धरून गोळा कसा फिरवत फिरवत दाबायचा ते दाखवलं. "बुडबुडा राह्यला की आवाज थितंच मरतोय. हळू. घाई कामून करायलास?" याआधी अप्पांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही. शाळेत घालतानासुद्धा आजोबांनी नेलं होतं. मी मुद्दाम सावकाश केलं. एवढं सावकाश की त्यांना वाटलं मला जमत नाही.

गोंद सुकेपर्यंत काठावर बसून शेंगाच्या चटणीबरोबर भाकरी खाल्ली. मग त्यांनी माझी बॅटरीची पेटी उघडली. एकेक वायर ओढून बघितली, फ्यूज बघितला, पॅनलच्या जोडण्या बघितल्या. मी दुसरीकडे बघत असल्यासारखं दाखवत होतो. शेवटी झाकण लावलं आणि म्हणाले,

"बॅटरीचं काम लई बरूबर केलायस, शिवशरण."

हे लिहायचं नव्हतं. या एका वाक्यापायी हे पत्र आठवडाभर पडून होतं. मी मागे वळून बघितलं, तुम्ही तर आला नाहीत ना. कोणी नव्हतं. अप्पांच्या काही लक्षात आलं नाही, ते हात पुसत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं आणि ते तुमच्या नावावर गेलं. मी काय करावं? दुरुस्त केलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं आणि ते वाक्यही मोडलं असतं. मी "व्हय" म्हणालो.

संध्याकाळी बसमध्ये चढताना म्हणाले, "यंदा येळवस तिकडंच करतो. शिवशरणला तसं बोललो हाय." बस गेली. घरी हुग्गी तशीच होती, मल्लेश्वरीने अप्पा कुठे म्हणून विचारलं आणि मग माझं एकट्याचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन यंत्र चालू केलं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. बुडात बारीक टिकटिक ऐकू येते. चालतंय, दाजी. शेवाळ सुटायला लागलंय.

मी हे पत्र लिहायला बसलो ते येळवसला अप्पांना इकडे पाठवा, हे सांगायला. शेतात आंबील शिंपडायला घरचा मोठा माणूस लागतो, लोक काय म्हणतील, असं सगळं लिहिणार होतो. अक्काकडून तुमच्यावर जरा जोरही आणणार होतो. आता ते लिहीत नाही. मी ओढून आणलं तर ते येतील, बाजरीचे उंडे खातील, भाज्यांची भज्जी खातील आणि संध्याकाळची बस विचारतील. तुमच्या शेतात ते आनंदाने जेवतील. तिथेच जेवू द्या. आंबील यंदा मी शिंपडतो.

तुमच्यावर मी अजून जळतोच आहे, त्यात काही फरक पडलेला नाही. पण एक काम करा. तुम्ही दोघं होडीत असताना कधी पाना मागताना, कधी हाक मारताना अप्पा तुम्हाला चुकून "शरणू" म्हणाले, तर त्यांना दुरुस्त करू नका. "व्हय" म्हणा आणि मला कळवा. शिवी देताना म्हणाले असतील, तरी कळवा.

सिद्धलिंगप्पांचा मुलगा,
शरणबसव