नाव सोडून काहीही माग

प्रिय छोट्या,

आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही. तुला गोदामात चांगली नोकरी लागली म्हणून अजून शेजारीपाजारी सांगत सुटते. माझी बातमी मात्र ऐकण्यासारखी आहे. क्रेन चालवायच्या परवान्याचं नूतनीकरण करायला गेलो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या की ते मार्चमध्येच झालंय आणि मी सध्या दुसऱ्या बंदरात कामावर आहे. म्हटलं, बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे. त्या म्हणाल्या, तसा पुरावा आणा. बावीस वर्षं केबिनमध्ये काढलेला माणूस मी, आणि मी मीच आहे हे पटवायला चार दिवस खिडक्या पालथ्या घातल्या. परवाना नाही म्हणून मुकादम मला क्रेनवर चढू देत नाही. खाली बसून साखळ्यांना तेल लावतोय.

पण गप्प बसेन तो मी कसला. भांडून अर्जाची फाइल काढायला लावली. आत माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स, खाली माझीच सही. रांगेचा कंटाळा म्हणून दहा प्रती आधीच सही करून आईच्या औषधांच्या डब्याखाली ठेवायचो मी, ना तारीख, ना कशासाठी ते. डोळ्यांचा दाखलाही तिथलाच, माझाच. फोनवर आलेला सहा आकडी नंबरही त्यांनी पडताळला होता. तो मी कुणाला दिला हे आठवायला दोन दिवस लागले. आईची औषधं मागवायची आहेत म्हणून तुझा फोन आला होता, आणि मी चहा पिता पिता आकडे मोठ्याने वाचून दाखवले होते.

आता शहाणा झालोय. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहितो, कशासाठी, कुणाला, कधी. फोनवर आलेला नंबर आईलासुद्धा सांगत नाही. ती विचारते, एवढा कसला संशय. तिला अजून काही बोललो नाही.

फाइलीतल्या अर्जावर चिकटवलेल्या फोटोला मिशी माझ्यासारखी होती, नाक बाबांचं, आणि डावा डोळा अर्धा मिटलेला. तो डोळा मी ओळखणार नाही का? लहानपणी माझ्याच चेंडूने तो गेला. क्रेनच्या परवान्यासाठी डोळ्यांच्या तपासणीत तू दोनदा नापास झालास, तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त मी रडलो. त्या अपराधापायी तू मागशील ते देत आलो, सायकल, खोली, लग्नातलं घड्याळ. पण अरे, हुकाला दहा टन लटकतात आणि खालून माणसं चालतात. एका डोळ्याने ते अंतर नीट कळत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

सोमवारी दहा वाजता मी तक्रार नोंदवतोय. संशय कुणावर, असा एक रकाना आहे, आणि तो मी कोरा सोडणार नाही. पत्र मिळताच केबिनमधून खाली उतर, तुझ्या साहेबांना स्वतःच्या तोंडाने सांग आणि इकडे ये. त्या खिडकीपुढे मी तुझ्या शेजारी उभा राहीन, काय होईल ते दोघं बघू. डोळ्याची भरपाई जन्मभर करेन, माझं हवं ते घे. नाव मात्र देणार नाही.

तुझाच,
दादा
(सही आजच केली आहे, फक्त या पत्रासाठी.)