बेरीलच्या परातीतला एच

कॅम्बोर्न, रविवार

प्रिय केझियाताई,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? तिकडे ऑस्ट्रेलियात म्हणे उन्हाने डांबर वितळतंय. इथे तीन आठवडे धुकं, आणि दोरीवरची चादर अजून ओलीच. माझं विचारशील तर ठीक आहे, म्हणजे काल दुपारी चारपर्यंत ठीक होतं. त्यानंतर जे घडलं त्याने मी अजून सुन्न आहे ग. चहात दोनदा मीठ घातलं. दुसऱ्यांदा तर प्यायलेसुद्धा.

तुला ठाऊकच आहे, एकेचाळीस वर्षं मी दर गुरुवारी मांस-बटाटा भरून, कड मुरडून हेडलीची पास्टी करते आणि कोपऱ्यावर कणकेचा एच चिकटवते. हा खाणीत होता तेव्हा ते गरजेचंच होतं, अर्धी खाऊन ठेवलेली पास्टी कुणाची ते कळायला नको? (म्हणून तर खायला सुरुवात दुसऱ्या टोकाने, अक्षर सगळ्यात शेवटी.) आता खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच, तरी मी एच लावते. ज्या पास्टीवर काहीच नाही ती माझी. तर फेब्रुवारीपासून हा बाबा अर्धी पास्टी ताटात टाकायला लागला. विचारलं तर म्हणे पोट भरलं. स्वतःच्या लग्नात माझ्या वाटणीचंही ज्याने खाल्लं, त्याचं पोट भरलं! वर दर गुरुवारी सकाळी बँडच्या सरावाला जायला लागला. छानच की. फक्त त्याचा बाजा घरीच, कपाटाशेजारी असायचा. (मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते, म्हणून लक्षात आलं.)

आणि काल चॅपलच्या चहापानाला बेरील ट्रेग्लोनने (तीच ग, आमच्यापासून तीन घरं पलीकडची, नवरा जाऊन सहा वर्षं झाली तरी केस रंगवते) पास्ट्यांची परात मांडली. मी सहज पाहिलं तर एका पास्टीच्या कोपऱ्यावर एच. माझा एच! म्हणजे माझ्या नवऱ्याचा! हा एच कुणाचा, असं मी अगदी गोड आवाजात विचारलं, तर ही बाई खाली मान घालून म्हणते, "हॅमचा." हॅम! पास्टीत! अगं, खोटं बोलायचं तर निदान लाज राखून बोलावं. मी ती पास्टी तिथल्या तिथे मोडली आणि, ताई, बसली आहेस ना? आत गाजर. बीफ, बटाटा, कांदा, सलगम, आणि त्यांच्यामध्ये निर्लज्जासारखं बसलेलं गाजर. आपल्या सात पिढ्यांत पास्टीत कुणी गाजर घातलं नाही! माझं डोकंच फिरलं. "नवरा पळवलास ते पळवलास, वर त्याला गाजर चारतेस?" असं मी म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले. (पाद्रीबुवांची प्रार्थना चालू होती, ती संपायला अवकाश होता.)

अख्खं चॅपल वळून बघायला लागलं. तेवढ्यात हेडली उठला, कानापर्यंत लाल. म्हणाला, "थर्झा, खाली बस. ती मी केलीय."

केलीय म्हणजे काय? तर हा माणूस, ज्याला अंडं उकडता येत नाही, तो फेब्रुवारीपासून बेरीलकडे पास्टीची कड मुरडायला शिकतोय! फसलेल्या फेकवत नाहीत म्हणून तिथेच खाऊन यायचा, मग माझी कशी संपणार? अक्षर लावू नकोस म्हणून बेरीलने बजावलं होतं, पण पास्टी मिटली की हात आपोआप एच करतो म्हणे. गाजरही त्याचंच. रंग बरा दिसतो म्हणतो. मी विचारलं, पण कशासाठी हे सगळं? तर खाली बघून हळूच म्हणाला, "तुझी बोटं ग. ओट्याशी उभी राहून काट्याने कड दाबत होतीस. रडत होतीस."

हो ताई. काट्याने. तुला म्हणून सांगते, थंडीपासून बोटं मिटत नाहीत, मुरड पडत नाही, रस्सा बाहेर येतो. आईने पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं. दाबलेली बाजू मी भिंतीकडे करून ठेवायचे. कुणाला कळलं नाही असं वाटत होतं मला. तशीच उठले, कोट विसरून घरी आले.

तुझी,
थर्झा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बेरीलची माफी मागायला हवी, पण तोंडावर मागायला जीभ रेटत नाही. तिची बहीण तुझ्याच गावात राहते ना? तिला सांग, ती बेरीलला फोन करेल. तीन घरं पलीकडे मीच गेले असते, पण चढ आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, आज गुरुवार. हेडलीने दोन पास्ट्या केल्या. एकीवर एच. दुसरीवर टी. आई गेल्यापासून माझं अक्षर कुणी लावलं नव्हतं ग, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. टी वाकडा आहे. आत गाजर होतं. दुसऱ्या टोकापासून सगळी खाल्ली. टी तेवढा बशीत ठेवलाय, खाववत नाही.