तारीख नसलेलं पत्र

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कधी लिहिलंस ते त्या पत्रालाच ठाऊक. जुन्या पोथ्यांचा काळ ठरवताना विद्वानांनी एकमेकांची डोकी फोडली. माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराकडे फोडायला एकच आहे, याचा विचार व्हावा. तारीख न घालण्याची ही खोड अस्सल तुझ्या बाबांची.

तुझा 'तोकडा फ्रॉक' सिनेमा वीस वर्षांनी पुन्हा दाखवणार, हे वाचून फार बरं वाटलं. तेव्हा तो एकच आठवडा चालला, त्यातले तीन खेळ मी जवळजवळ एकट्याने पाहिले. खेळाआधीच्या भाषणात काय बोलणार आहेस ते कळव. तेरा वर्षांच्या नायिकेसोबत शूटिंगला आलेल्या मामाला 'देखणा' म्हणायला विसरू नये.

तुझा मामा

*

ती. मामांस सा. न.

तारीख मुद्दाम घातली नाही. तेवढाच तुम्हाला विरंगुळा.

भाषणात जिन्यावरच्या रडण्याचंच सांगणार आहे. फ्रॉकची दुमड उसवली तरी तो गुडघ्याखाली येत नाही आणि मुलगी रडते, एवढंच दृश्य. मला सकाळपासून रडू येईना. तेवढ्यात तुम्ही बाबांचं पत्र आणून दिलंत: बोट बुधवारी एक दिवस बंदरात थांबेल, टिटवीला घेऊन या. आणि तो होता गुरुवार, बोट कालच निघून गेलेली. बोटीवरच्या नोकरीमुळे वर्षभर पाहिलं नव्हतं त्यांना. शाबासकी मला मिळाली, पण खरी ती बाबांच्या आळसाची. पत्र वेळेवर टाकलं होतं, असं ते शेवटच्या आजारातही म्हणत होते. मी काही ऐकून घेतलं नाही. लोक हसतील ना हे ऐकून?

देखणेपणाचा अर्ज नामंजूर.

तुमची टिटवी

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

ते भाषण करू नकोस. पत्र सोमवारीच आलं होतं.

दिग्दर्शक म्हणत होते, आता दोन दिवस काम थांबलं तर सिनेमा बुडाला. मी पत्र खिशात ठेवलं. बोट काय, पुन्हा येईल, असं वाटलं. गुरुवारी तुला रडू येईना, तेव्हा ते खिशातलं पत्र आठवलं. मला कोणी सुचवलं नव्हतं. आत तारीख नव्हतीच. पोस्टाचा शिक्का पाकिटावर होता, ते मी आधीच फाडून टाकलं होतं. तू रडलीस. मग पहिल्याच फटक्यात शॉट झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

तुझे बाबा खरं बोलत होते. दवाखान्यात तू त्यांना त्यावरून चिडवायचीस, तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभा असायचो. एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी औषधाची बाटली वाचत राहिलो.

लोभ असावा, असं एरवी सवयीने लिहितो. या वेळी विचारतो आहे. आता तू मला पत्र लिहिणार नाहीस, अशी भीती वाटते.

मामा