गणवेशांची मापं

ताई,

शिवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडलेला दिसेल, घाबरू नकोस. स्क्रू तुझ्या बटणांच्या वाटीत आहेत, ते सांडू देऊ नकोस. आतली डिस्क काढून मी दुरुस्तीवाल्याकडे चाललोय.

कॉम्प्युटर रडतखडत चालतो म्हणून तू रोज वैतागायचीस. घरी बसून आहे तर निदान एवढं तरी करावं, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायला बसलो. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर पळतं, असं एका व्हिडिओत म्हणत होते. आणि खरंच पळायला लागलं गं. फक्त आत काही उरलं नाही. शाळेच्या गणवेशांची तुझी सगळी मापं गेली.

शाळेतल्या बाईंना इतक्यात काही कळवू नकोस. मापं परत मिळाली नाहीतच, तर टेप घेऊन मी स्वतः वर्गावर्गात फिरेन.

एक गोष्ट तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. डिस्क पुसण्याआधी महत्त्वाचं असेल ते काढून ठेवा, असं व्हिडिओत बजावून सांगितलं होतं. मी काढूनही ठेवलं. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे. त्यात फक्त माझा बायोडेटा आहे.