सुरभीच्या लग्नाची साइट

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
निर्णय झाला. सुरभीच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही. वेबसाइट. तीही स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर टाइप करून. पोरगी नागपूरहून फोनवर म्हणाली, बाबा, रेडिमेड मिळते, नावं टाकली का झालं. वर्धा जिल्ह्यात राहून रेडिमेड? इथं लोकांनी स्वतःचं सूत स्वतः काढलं. मला एक पान काढता येणार नाही?

दुसरं कारण वच्छलाताई, माझी मोठी बहीण. आमच्या थोरल्याच्या, अमरच्या लग्नात पत्रिकेवर तिच्या नवऱ्याचं, प्रेमदास भाऊजींचं, नाव राहून गेलं. चूक निकेशच्या प्रेसची. (प्रूफ मी वाचलं होतं, पण चष्मा नव्हता.) तेव्हापासून ताईनं रोहण्याहून हिंगणघाटात पाऊल टाकलं नाही. आणि आमच्यात हळदीचा पहिला हात आत्याचा. सुरभीनं सांगून टाकलं, आत्या नाई आली त मी हळद लावून घेत नाई. लग्न ३० ला. या वेळी भाऊजींचं नाव मी स्वतः लिहिणार, पहिल्या नंबरवर. प्रेसचा संबंधच ठेवत नाही.

५ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. अगदीच सोपं निघालं. जे करायचं त्याच्या आधी एक खूण टाकायची, तिला टॅग म्हणतात. काम झालं की टॅग बंद करायचा. खलास. यासाठी पोरं पुण्याला जाऊन कोर्स करतात. माझा जन्म जिनिंगच्या ऑफिसात बिलं टाइप करण्यात गेला, मला काय शिकवता.

८ नोव्हेंबर, शनिवार
पान उभं राहिलं. लाल रंगावर पिवळी अक्षरं. गणपतीचा फोटो जरा मोठा झालाय, स्क्रीनवर फक्त सोंड येते. नलूनं विचारलं, देव कुठी हाय? म्हटलं, खाली जावं लागतं. म्हणाली, देवाले पाहासाठी खाली जावं लागते काय? बायकोला डिझाइन कळत नाही.
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी एक तास सराव.

९ नोव्हेंबर
सर्दी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नावं टाकायला घेतली. चुकून सगळ्यात वर कैलास पडला. कैलास म्हणजे माझा साळा, नलूचा भाऊ. त्याचं नाव खाली मामांमध्ये आहेच. वरचं काढून टाकता आलं असतं, पण आजच अक्षरांवर आडवी रेघ मारायचा टॅग शिकलो होतो. शिकलेलं वापरायचं कधी? मारली कैलासवर रेघ. सुबक आली. राहू दिली. साळा आहे, चालून जाईल. त्याच्या खाली लगेच प्रेमदास भाऊजी, मग बाकीचे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
इंटरनेटवर फुकट जागा मिळाली, तिथं पान चढवलं. लिंक सगळ्या नातेवाइकांना, व्याह्यांना, ऑफिसच्या ग्रुपवर. मोबाइलवर उघडून पाहिलं. सोंड व्यवस्थित दिसली. खाली गेलो नाही. स्वतःच्या कामावर विश्वास म्हणून काही असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून फोन. रेघेचा टॅग बंद करायचा राहिला. त्यामुळे कैलासच्या खालचं सगळं खोडलेलं. भाऊजी खोडलेले. काका, मामा खोडलेले. नवरा-नवरीसुद्धा. शेवटी ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ लिहिलं होतं, तेही खोडलेलं. वर्ध्याहून व्याह्यांनी दबक्या आवाजात विचारलं, आमचं काई चुकलं काय.

दुपारी ताई. रूप्या, मांगच्या खेपी लिवलं नाई, ह्या खेपी लिवून खोडलं. एवढं बोलून फोन ठेवला.

भाऊजींना लावला. नीट समजावलं की फक्त टॅग बंद झाला नाही. ते म्हणाले, तुहं तोंड तरी कुठी बंद होते.
लोकांना तांत्रिक ज्ञान नाही, हा या जिल्ह्याचा खरा प्रॉब्लेम आहे.

१८ नोव्हेंबर
टॅग बंद केला. कैलासलाही मोकळं केलं, वरून काढून फक्त मामांमध्ये ठेवलं, नलूच्या सांगण्यावरून. ती बोलत नाही. हातानंच सांगितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
रोहण्याला गेलो. एसटीनं वर्धा, मग आर्वी, मग रोहणा. लॅपटॉप मांडीवर. ताईनं पाणी दिलं, शब्द दिला नाही. दुरुस्त केलेलं पान दाखवायला गेलो तर नेट नाही. मग अंगणातल्या मातीत काडीनं काढून दाखवलं: हा उघडा टॅग, हा बंद टॅग. भाऊजी उठून गोठ्यात गेले. ताई म्हणाली, बोलवाले आला का शिकवाले आला? म्हटलं, आधी मुद्दा पूर्ण होऊ दे. मुद्दा छान पूर्ण झाला.

परतताना आर्वीच्या स्टँडवर खिशात हात गेला. नलूनं दिलेली कुंकू-अक्षतांची पुडी तशीच. लग्नाला येजो म्हणायचंच राहिलं. परत फिरणार होतो, पण वर्ध्याची बस लागली होती.

२४ नोव्हेंबर
सुरभी घरी आली. विचारलं, आत्या काय म्हणाली? म्हटलं, विचार करून राह्यली. तिनं टेबलावरची पुडी पाहिली. चप्पल घालून बाहेर पडली.
मला भीती वाटते आहे. ताई आली नाही तर पोरीच्या लग्नात कमी राहील, ती माझ्यामुळे. हे फक्त इथं लिहितो. बाहेर सांगायचं झालं तर चूक सर्व्हरची.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ताई आली. भाऊजी पण. सुरभी त्या दिवशी पुडी घेऊन थेट रोहण्याला गेली होती. पहिला हात आत्याचाच लागला. माझे डोळे भरून आले. ज्यांनी विचारलं त्यांना चुलीच्या धुराचं सांगितलं. स्वयंपाक गॅसवर होता.

जरा वेळानं ताईला म्हटलं, साइट आता एकदम बरोबर आहे, पाहून घे. म्हणाली, मले पह्यलीच आवडली. मोबाइल काढला. त्यात १६ तारखेचा स्क्रीनशॉट. मग तो मांडवभर फिरला. हिंगणघाट, वर्धा, रोहणा, सगळ्यांनी पाहिला. सुरभी इतकी हसली की गालावरची हळद तडकली. भाऊजी म्हणाले, खोडलेला माणूस हाय बाप्पा, मले सगळ्याइच्या अगुदर वाढा.
मीही हसलो. जरा उशिरानं.

१ डिसेंबर, सोमवार
सुरभी सासरी गेली. मांडववाला बांबू घेऊन गेला. नलू झोपली आहे.
साइट उघडून बसलो. वरपासून खालपर्यंत पाहिली. भाऊजी पहिल्या नंबरवर. कुठेही रेघ नाही. गणपती पूर्ण दिसतो.
आता बोलवायचं कोणाला?